लीव्ह आणि सेटल

रविवार, ४ जानेवारी १९५३

दादी आज चिडल्याच! विचारलं, लीव्ह म्हणजे काय? मी फटकन — सोडणे. तर म्हणतात, "तोता है तू! एक दाना उठाया और उड़ गई!" बरोबर काय ते सांगायचं नाही, नुसतं पाटीकडे बोट. मी म्हटलं, मग दुसरा शब्द घेऊ या. तर म्हणे घे, त्याच्याच शेजारी लिही — सेटल. आता बरेच रविवार हेच दोन. प्रत्येक शब्दाला पोरं किती, कुणाचं कुणाशी पटतं, कोण कुणाचं तोंड बघत नाही, ते शोधून आणायचं. सिंधमध्ये शिकारपूरला शिकवायच्या, तिथे चालत असेल ही तऱ्हा. आमच्या कुळगावच्या शाळेत मी असं शिकवलं तर हेडमास्तर मला घरी बसवतील.

पण बाई हुशार. निर्वासितांच्या कॅम्पात, बराकीतल्या एका गोणपाटाच्या पडद्याआड सगळा संसार, आणि उच्चार असा की ऐकत राहावं. पहिल्या दिवशी मी त्यांना आजी समजून पाया पडले होते. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण! सगळी बराक हसली होती.

बुधवार, ७ जानेवारी

लीव्हची पोरं — सोडून जाणं. मागे ठेवणं. रजा. परवानगी. उरणं.

सेटलची — वस्ती करणं. भांडण मिटवणं. देणं चुकतं करणं. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसणं. पाखराचं फांदीवर टेकणं.

सेटल मला आवडला. सगळी पोरं एका वळणाची, शेवटी कुठेतरी बसतात. लीव्ह मात्र कजाग आहे. मी घर सोडून गेले तरी लीव्ह, आणि घरात तांब्या ठेवून आले तरी लीव्ह. जाणाऱ्यालाही तोच शब्द, राहिलेल्यालाही तोच! मराठीत असला घोटाळा नाही.

रविवार, ११ जानेवारी

हा घोटाळा दादींना ऐकवला. वाटलं, शाबासकी मिळेल. त्या सुपारी कातरत होत्या, थांबल्या. मग म्हणाल्या, घोटाळा नाही. तिकडून निघाल्या तेव्हा गाजर-शलगमचं पाण्यातलं लोणचं घातलं होतं. बरणी गच्चीवर उन्हात. शेजारणीला सांगून आल्या की रोज हलव, आठ-दहा दिवसांत येतेच. "हम गए, अचार रहा. दोनों लीव्ह. अब बता, कहाँ है घोटाला?"

मग त्याच हसल्या. "पता नहीं किसने खाया. नमक ज़रा ज़्यादा पड़ गया था." मिठाचंच दुःख जास्त दिसलं!

येताना अंबरनाथ स्टेशनपर्यंत चालतच आले. कॅम्पाच्या कडेला माळावर लाल-पांढऱ्या काठ्या रोवून कुणी मोजणी करत होतं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. आसनवाडीला मामांकडे. आई गेल्यावर याच घरात मी वाढले, त्यामुळे माहेर म्हणायचं तर हेच. तिळगूळ दिला, पण गोड बोलायला कुणाचं मन जागेवर नव्हतं. पावसाळ्यापासून वाडीत खोकला शिरलाय. आधी खालच्या आळीतलं पोर गेलं, मग सदूचं. आता आमच्या विठावहिनीची सरू. दीड वर्षाचं लेकरू, खोकताना निळं पडतं. विठावहिनी तिला खाली ठेवतच नाही. मी म्हटलं, कल्याणला दवाखान्यात नेऊ. नेलं होतं म्हणे, बाटली दिली, संपली.

मामा म्हणाले, "यंदा गाव बाहेर काढायचा. माघातल्या अवसेला."

मी लहान असताना एकदा काढला होता, अंधुक आठवतं. चूल विझवायची. दारं उघडी टाकायची. वस्तू जिथे आहे तिथे, काही झाकायचं नाही, हलवायचं नाही. गुरं, कोंबड्या, कुत्री, माणसं, सगळ्यांनी शिवेबाहेर आमराईत जायचं, देव कौल देईपर्यंत परतायचं नाही. आणि कुणीही विचारलं, अगदी देवमाणसाने विचारलं तरी सांगायचं — गाव सोडला. परत येणार हे तोंडातून काढायचं नाही. मामी समजावत होती, "येतो म्हटला का ईडा घरात दबा धरून बसते. सोडला म्हटला का कंटाळते, आन् जाते निघून."

मी हसले. मामीने असं बघितलं की हसू घशातच राहिलं.

गुरुवार, २२ जानेवारी

आज शाळेत एक साहेब आले! मोजणीचे. मद्रासकडचे, मराठी शून्य, हिंदी त्याहून वाईट. हेडमास्तरांची इंग्रजीत तारांबळ उडाली, मग मला बोलावलं. मी बोलले! घडाघड! साहेब म्हणाले, तुमचं इंग्रजी स्वच्छ आहे. स्वच्छ! दिवसभर जमिनीवर पाय नव्हते.

नाव धर्मराज. चांगलं बोलतात, आवाज चढवत नाहीत. पालेगावच्या बाजूच्या वाड्यांबद्दल विचारत होते. आसनवाडी माझ्या मामांची, असं मीच कौतुकाने सांगितलं. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, ही तर सगळी सरकारी जमीन. युद्धात लष्कराने वाडी उठवून इथे बसवली, कागद कुणालाच दिला नाही. मी विचारलं, मग? "दे आर देअर बिकॉज दे आर देअर." आहेत म्हणून आहेत. राहती वस्ती उठवायची तर लांबणारं काम असतं, वरिष्ठ नको म्हणतात. रिकामी जागा मिळाली तर बरं.

हे शेवटचं वाक्य ते सहज बोलले. मला मात्र घरी येईपर्यंत तेच ऐकू येत होतं.

रविवार, २५ जानेवारी

दादींकडे गेले नाही. सरळ आसनवाडीला. मामांना सगळं सांगितलं. यंदा नका काढू गाव. काढायचाच तर घरटी एक माणूस राहू दे.

मामा शांतपणे म्हणाले, "अर्धा गाव बाहेर काढून कसा चालंल? अर्धी ईडा जाते काय?"

मी चिडले. म्हटलं, जमीन जाईल! मामा म्हणाले, "लष्कर आला तवा आमी ठाम बसलो व्हतो घरात. उठवलाच ना?" ओटीवर सरू खोकत होती. खोकून झालं की मोठ्याने श्वास ओढते, तो आवाज ऐकवत नाही. मी गाव राहू दे म्हटलं तेव्हा विठावहिनीने लेकराला छातीशी घट्ट धरलं. जशी मीच ईडा.

रविवार, १ फेब्रुवारी

दादी म्हणाल्या, दोन्ही शब्द एका वाक्यात घाल. मी घातले — वसायचं तर आधी सोडावं लागतं. त्यांना आवडलं नाही. म्हणाल्या, हे ऑफिसवाले म्हणतात, रोज ऐकते. कॅम्पातल्या बायका आता लीव्ह म्हणतच नाहीत, लेफ्ट म्हणतात. झालं-गेलं. आणि सेटलचं मात्र सगळ्या पुढचंच बोलतात — होऊ, होणार, होईल. "एक बीता हुआ, एक आने वाला. बीच में यह पर्दा." गोणपाटाला चिमटीत धरून दाखवलं.

त्यांचाही अर्ज आहे जागेसाठी. कुठे ते ठाऊक नाही. "जहाँ बिठाएँगे, बैठ जाऊँगी."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

शाळेतून रजा घेतली. हेडमास्तर म्हणाले, शिकलेल्या बाईला हे शोभतं का? शोभत नाही. पण त्या वाडीत मी वाढले, आणि नियम सगळ्यांना आहे, माहेरवाशिणीलासुद्धा. शिवाय मी तिथे असेन तर साहेबांशी बोलायला कुणी तरी असेल, असंही मनात आहे. भीती वाटते. का ते लिहवत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

आमराई. काल दिवस मावळायच्या आत निघालो. मामीने चुलीवर पाणी ओतलं आणि चुर्र झालं, तेव्हा सगळं घर एकदम परकं दिसलं. गोठ्याच्या छपरावर तिचं लिंबाचं लोणचं उन्हात ठेवलेलं. तोंडाला माझ्या जुन्या निळ्या परकराचं फडकं. मी सवयीने उतरवायला हात लावला तर ओरडली, "ऱ्हाऊ दे! हाय तिथं ऱ्हाऊ दे!" दारं उघडी. मागे वळून बघायचं नाही, तरी मी बघितलं. वारा आत-बाहेर करत होता, दुसरं कुणी नव्हतं.

इथे मात्र पोरांची मजा! तीन दगडांवर भात, झोळ्या फांदीला. सरू आज जरा कमी खोकली की मलाच तसं वाटतंय?

सोमवार, १६ फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी धर्मराज साहेब आले. बरोबर मोजणीची साखळी धरणारा चंदू. वाडी बघूनच आले होते, बुटांवर आमच्या अंगणाची लाल माती. सगळे उठून उभे राहिले. चंदूने मामांना विचारलं, "काय कोंडाजी, गाव कुठं गेला?"

"सोडला गाव."

"परत कधी?"

"सोडला म्हटला ना. आमचा काय नाय आता तिथं."

साहेब ऐकत होते. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी सरळ, एकेक शब्द सुटा — ही माणसं काही दिवसांसाठी बाहेर आली आहेत, की कायमची गेली? प्लीज टेल मी.

त्या आमराईत इंग्रजी कळणारे आम्ही दोघंच. मी खरं सांगितलं असतं — साहेब, ही रीत आहे, चार दिवसांनी परततील — तर मामांना कळलं नसतं, मामीला कळलं नसतं, कुणालाच नाही. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात होतं. वाक्यसुद्धा तयार होतं!

आणि मनात आलं — ईडेला इंग्रजी कळत असलं तर?

हसू येतं ना? मलाही यायला हवं होतं. तेवढ्यात सरूला उबळ आली. तसाच तो श्वास. विठावहिनी तिच्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "दे हॅव लेफ्ट, सर."

"फॉर गुड?"

"येस, सर."

त्यांनी चंदूला खूण केली. वाडी सोडल्याच्या कागदावर मामांचा अंगठा, खाली माझी सही. मामांनी अंगठा दिला तोसुद्धा नियम पाळूनच, ताठ मानेने. जाताना साहेब मला थँक यू म्हणाले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सरू रात्रभर झोपली. विठावहिनी माझ्या पाया पडायला आली! मी पाय मागे घेतले.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

काल कौल मिळाला. वाजत-गाजत परतलो. शिवेवर काटेरी तार.

आधी कुणाला कळलंच नाही. सदूने तर तार उचलून पोरांना खालून काढायला सुरुवात केली. मग दोन पहारेकरी आले. म्हणाले, आपापलं सामान काढून न्या, साहेबांचा हुकूम आहे, अडवणार नाही. जसे काही उपकार! मामीने देव घेतले, धान्य घेतलं, पाटा घेतला. विठावहिनीने पाळणा. मामा आत गेलेच नाहीत, तारेला हात लावून उभे राहिले. संध्याकाळी पालेगावच्या रस्त्याला लागल्यावर मामी एकदम म्हणाली, "लोंचा ऱ्हायला छपरावर."

कुणी परत गेलं नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

धर्मराज साहेबांच्या ऑफिसात गेले. मामा बरोबर. मी सगळं सांगितलं — रीत, ईडा, कौल, सगळं. चांगलं इंग्रजी बोलले. रडले नाही.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग कागद काढला, माझी सही दाखवली, आणि आवाज न चढवता विचारलं, "मग बाई, खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

काय उत्तर द्यायचं होतं मी? दोन्ही वेळा खरंच बोलत होते असं वाटतं. पण हे कुठल्या ऑफिसात चालतं? म्हणाले, मी जागेवर जाऊन पाहिलं. चूल थंड, दारं उघडी, माणसं म्हणतात सोडलं, शिकलेली बाई म्हणते सोडलं. याहून जास्त मी काय करायला हवं होतं?

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही.

मामांना बाहेर येऊन सांगून टाकलं. त्या दिवशी खरं सांगता आलं असतं. तुम्हाला कळलंही नसतं. मी घाबरले म्हणून नाही सांगितलं. मामांनी बिडी पेटवली, विझवली.

"पोर खोकत नाय आता," म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, १ मार्च

होळी झाली. मामा, मामी, विठावहिनी, सरू माझ्या खोलीत. दादा, म्हणजे विठावहिनीचा नवरा, अंबरनाथला कारखान्याच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली लागला. बाकीची वाडी पांगली. कुणी वांगणीकडे, कुणी डोंगरात नातेवाइकांकडे. शेत होतं ते तारेच्या आतच. मामा सकाळी उठून विळा शोधतात, मग बसतात.

मामी माझ्या स्टोव्हला घाबरते. म्हणते, हिला राख नाही, ही कसली चूल.

सोमवार, १६ मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही. मामा म्हणाले, दुसऱ्याच्या दाराला कशाला! माझं दार दुसऱ्याचं झालं.

रविवार, १२ एप्रिल

किती दिवसांनी दादींकडे. आजारी होते असं सांगितलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या पुढ्यात नवी कोरी बादली होती आणि त्या खुशीत होत्या. पुढच्या यादीत नाव लागणार म्हणतात. पडदा काढून माझ्याकडे देणार, आठवण म्हणून! बराकीतल्या बायकांनी आत्ताच अभिनंदन सुरू केलंय.

लीव्ह-सेटलचं काय झालं, विचारत होत्या. मी म्हटलं, दादी, सेटलमध्ये गाळ तळाशी बसतो तेव्हा वरचं पाणी स्वच्छ होतं ना? "हाँ, बिल्कुल." आणि गाळाचं काय? हसल्या. म्हणाल्या, "गाद की कौन पूछता है!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र तिथे बसवेना.

सोमवार, २० एप्रिल

सरू पुन्हा पाऊल टाकायला लागली. मामांकडे धावते, पडते, उठते. गुबगुबीत झालीय. तिच्याकडे बघितलं की वाटतं, बरोबर केलं. मामांकडे बघितलं की वाटतं, जीभ झडली असती तर बरं. दिवसातून कितीदा तरी.

मामी आज आपणहून म्हणाली, "लोंचा आता मुरला असंल."

रविवार, ३ मे

दादी स्वतः आल्या, कुळगावला, पत्ता विचारत. घामाघूम, आणि चेहरा असा फुललेला! जागा मिळाली. पालेगावच्या अलीकडे, विहीर आयती, जवळ आमराई. मला दारातच मिठी मारली — "मैं सेटल हो गई, बेटी!" मग ओट्यावर टेकून सांगत राहिल्या. कुणीतरी सोडून गेलेत. दारं सताड उघडी टाकून गेलेत. "सोच! ऐसे कौन जाता है?"

पिशवीतून बरणी काढली. एका छपरावर होती म्हणे, उन्हात. टाकवेना. "मेरा किसी ने खाया होगा. मैं किसी का खा लूँ, तू भी खा." निळं फडकं सोडलं आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली.

आतून मामी विचारत होती, "कोन आलाय गो?"

मी फोड तोंडात टाकली. छान मुरलं होतं.